हरणांनी माझी बाग खाल्ली, उपाय सुचवा (न्यू जर्सी)

ओसरीवरची | २१ मे, सकाळी ९:४०

मंडळी, अक्षरशः रडू येतंय. आमचं घर सेंट्रल जर्सीत, मागे झाडी, झाडीपलीकडे ओढा. गेल्या वर्षी घर घेतलं तेव्हा खिडकीतून हरणं दिसली की मी धावत जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावायचे, बघ गं, कण्वमुनींचा आश्रम. आई पण खूश.

तर यंदा फेब्रुवारीपासून बेसमेंटमध्ये दिव्याखाली रोपं वाढवली (नवरा त्याला माझं दुसरं बाळंतपण म्हणतो), थंडी नक्की गेली याची खात्री करून मदर्स डेच्या पुढच्या आठवड्यात बाहेर लावली. घेवडा, वालपापडी, भेंडी, मिरच्या, टोमॅटो आणि मेथीचा एक वाफा. रविवारी रात्री सगळं हिरवंगार. मंगळवारी सकाळी चहाचा कप घेऊन डेकवर आले तर घेवड्याचे नुसते दांडे उभे, मिरच्यांचे शेंडे गायब, मेथी तर कुणी जुडी बांधायला उपटून न्यावी तशी, आणि आधीच्या मालकांनी लावलेल्या होस्टाच्या (रुंद पानांचं शोभेचं झाड) जागी फक्त काड्या!! टोमॅटोचे दोन शेंडे खाल्लेत, बाकी चाखून थुंकलेत बहुतेक.

आठ फुटी कुंपण वगैरे सांगू नका, बजेट नाही. घरगुती काहीतरी सांगा.

---

गाजरपारखी | २१ मे, सकाळी १०:१५

आधी खात्री करा की हरणच आहे. दांड्याची खाल्लेली टोकं नीट बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते खालच्या दातांनी धरून ओढून तोडतं, त्यामुळे टोक चिंधीसारखं फाटलेलं दिसतं. सशाने खाल्लं असेल तर सुरीने तिरकं कापल्यासारखा साफ काप असतो. आणि दोन फुटांच्या वरचं खाल्लं असेल तर ससा नव्हेच.

---

ओसरीवरची | २१ मे, सकाळी १०:३२

आत्ता जाऊन बघून आले. चिंध्याच आहेत. आणि वाफ्यात दोन बोटी खूर उमटलेत, माझ्या चपलेच्या ठशाच्या बरोब्बर मधोमध :(

---

अण्णा_एडिसनकर | २१ मे, सकाळी ११:०५

आमची या युद्धात पंचवीस वर्षं गेली त्यामुळे अनुभवाचे बोल घ्या. साबणाच्या वड्यांना भोक पाडून जुन्या पायमोज्यातून झाडाला टांगल्या. न्हाव्याकडून केस आणून टाकले, त्याला वाटलं म्हाताऱ्याला विग करायचाय. जुन्या सीड्या लटकावल्या. रात्रभर रेडिओ लावला, त्यावर एक गृहस्थ शेअर बाजाराविषयी बोलत असायचे. हरणं पहिले चार दिवस लांबून ऐकायची, पाचव्या दिवशी साबणाच्या वडीपर्यंतची पानं खाऊन वडी तेवढी शिल्लक ठेवली. सौ. म्हणाली, अहो ती खाऊन झाल्यावर हात धुवायला ठेवलीय.

तात्पर्य, ज्याला तुम्ही रोज घाबरवता ते रोज घाबरत नाही.

---

निवडुंगकाटा | २१ मे, दुपारी १२:२०

जंगल तोडून तुम्हीच घरं बांधली, आता ती बिचारी कुठे जाणार? त्यांच्या घरात तुम्ही घुसलात, मेथीची जुडी गेली तर एवढा आकांत कशाला, इंडियन स्टोअरमध्ये मिळते की.

---

गाजरपारखी | २१ मे, दुपारी १:०२

निवडुंगकाटा, हे ऐकायला छान वाटतं पण इथल्या हरणाला तसं लागू होत नाही. हे पांढऱ्या शेपटीचं हरीण (पळताना शेपूट वर करतं ती खालून पांढरीशुभ्र असते) घनदाट जंगलातलं नाहीच मुळी, त्याला जंगलाची कड आवडते. थोडी झाडी लपायला, थोडं उघडं चरायला. आपली सबर्ब म्हणजे त्याच्यासाठी मैलोन्‌मैल नुसती कडच कड. लांडगे, कूगर इथून कधीच संपवले, घरांच्या मधे शिकार करता येत नाही, आणि आपण खत घालून, पाणी घालून कोवळं लुसलुशीत वाढून ठेवतो. हरणं कमी नाहीत, जास्त झालीत. मागच्या झाडीत जाऊन बघा, जमिनीलगत नवीन ओक-मेपलची रोपं दिसतात का. नाही दिसणार, सगळी खाल्लेली असतात. त्यांच्यापायी जंगलाचीच पुढची पिढी उभी राहत नाहीये.

---

निवडुंगकाटा | २१ मे, दुपारी १:१०

बरं. मेथीबद्दल मी ठाम आहे.

---

शेवगा_शोधतेय | २१ मे, दुपारी २:४५

मी पेनसिल्व्हेनियात आहे, सात वर्षं हेच. माझ्या बागेतला हिशोब देते, फक्त माझ्या बागेतला हं, भुकेलेलं हरीण काहीही खातं.

अळूला आजवर तोंड लावलेलं नाही (खाजत असणार!). लसूण, कांदा, पुदिना, ओवा, तुळस सुरक्षित. कारल्याचा वेल कुंपणाबाहेर ठेवते, पानं हुंगून पुढे जातात. काकडी-दोडक्याची पानं खरखरीत म्हणून शेवटचा पर्याय. कढीपत्त्याची कुंडी डेकवर असते म्हणून वाचत असेल, परीक्षा घेण्याची हिंमत नाही. उलट घेवडा, वाल, चवळी, मटार म्हणजे शेंगवर्गीय सगळं, रताळ्याची पानं, बीट, लेट्यूस, भेंडीचे शेंडे हे पंगतीचं जेवण. तुम्ही नेमकं पंगतीचंच लावलंय.

फुलझाडांसाठी रटगर्स युनिव्हर्सिटीची एक यादी आहे ती बघा, जर्सीत असाल तर तुमच्याच राज्याची आहे. 'क्वचितच नुकसान' पासून 'वारंवार जबर नुकसान' पर्यंत झाडांचे चार वर्ग केलेत. 'डिअर-प्रूफ' असा वर्ग नाहीये हे लक्षात घ्या. नर्सरीत काहीही विकत घेण्याआधी फोनवर ती यादी उघडते मी आता. होस्टा, ट्यूलिप, डे-लिली, अझेलिया हे सगळं धोक्याचं. डॅफोडिल, अ‍ॅलियम, लॅव्हेंडर, रोझमेरी, फर्न, बॉक्सवुड ही त्यातल्या त्यात सुखाची. डॅफोडिलचा कांदा विषारी असतो, त्याला कुणी हात लावत नाही.

---

ओसरीवरची | २१ मे, दुपारी ३:१५

अळू! माझ्या बाळबुद्धीला हे सुचलंच नाही. पण घेवड्याचं काय करू, सासूबाई ऑगस्टमध्ये येतायत आणि त्यांना फोनवर सांगून बसलेय की घरचा घेवडा खायला घालीन.

---

गाजरपारखी | २१ मे, दुपारी ४:००

स्वस्तातलं हवं तर अंड्याचं पाणी करा. एक भाग अंडं, चार भाग पाणी, घुसळून फवारायचं. बाजारातल्या बऱ्याच फवाऱ्यांमध्ये मूळ माल हाच असतो, सडकं अंडं, लसूण, कुठे सुकवलेलं रक्त. त्यांच्या नाकाला तो वास म्हणजे जवळपास कुणीतरी मांसाहारी जनावर आहे. तीन गोष्टी पाळा. नवीन पालवी आली की परत मारा, जुन्या पानावरचा थर नव्या पानाला वाचवत नाही. जोराचा पाऊस झाला की परत मारा. आणि एकच वास महिनोन्‌महिने ठेवू नका, आलटून पालटून वापरा. विकतचा घेतलात तर भाजीवर चालतो का ते लेबलवर वाचा, सगळे चालत नाहीत. घरचं अंड्याचं पाणी मारलंत तर खायच्या पानांवर-शेंगांवर नको, आजूबाजूला आणि शोभेच्या झाडांवर मारा.

खरं तर हे एप्रिलपासून करायला हवं होतं. एकदा त्यांच्या फेरीत तुमचं अंगण आलं की ती सवय मोडायला फार वेळ जातो.

---

माळावरचा_गडी | २२ मे, सकाळी ७:३०

नमस्कार, मी कर्जत तालुक्यातला, अहिल्यानगर जिल्हा, रेहेकुरी अभयारण्य आमच्यापासून जवळ. तुमच्याकडं एक वाफा, आमच्याकडं दोन एकर हरभरा. काळवीट कळपानं येतं, तीस-चाळीस असतात कधी, उगवून आलेला कोंब न् कोंब खुडतं आणि खाण्यापेक्षा तुडवून जास्त जातं.

आमच्याकडचे उपाय सांगतो. बायांच्या जुन्या साड्या बांधाच्या कडंनं चौफेर बांधायच्या, वाऱ्यानं हलतात, पंधरा दिवस चालतं. बुजगावण्यावर तर चिमण्या बसतात. बांधाच्या कडंनं करडईच्या चार ओळी पेरायच्या, काट्यामुळं जनावर आत घुसायला नको म्हणतं, हा जुना उपाय आहे आणि करडईचं तेल फुकटात. आता सोलरचं झटका मशीन आलंय, क्षणभर झटका बसतो, जनावर मरत नाही, पळतं. पण काही लोक चिडून मेन लाइनचा करंट तारेत सोडतात, तसलं चुकूनही करू नये, गुन्हा तर हायेच पण त्यात माणसं मेलीत, रात्री पाणी धरायला गेलेला स्वतः शेतकरीच मेलाय. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे माळा (मचाण) घालून रात्रभर जागल. ते तुम्हाला जमायचं नाही.

---

ओसरीवरची | २२ मे, सकाळी ८:१०

दादा, तुमचं वाचून माझ्या मेथीची लाज वाटली. पण साड्यांची आयडिया आजच करते, कपाटात आहेराच्या दहा-बारा पडून आहेत.

---

बेडफर्डचा_बाळ्या | २२ मे, दुपारी १:४०

इंग्लंडातून हजेरी. आमच्याकडे मंटजॅक, म्हणजे आपल्या कोकणातल्या भेकराचा चुलतभाऊ, चीनमधून इथल्या एका उमरावाच्या पार्कात आणला होता, तिथून सुटला तो सगळ्या दक्षिण इंग्लंडभर. कुत्र्याएवढं जनावर, भुंकतंही कुत्र्यासारखं, माझी आजी ऐकून म्हणाली असती भेकरू ओरडतंय, पाऊस येणार. त्याला उंच उडी मारायची गरजच पडत नाही, ते खालून आणि मधून घुसतं. इथे त्याच्यासाठी दीड मीटर उंची पुरते पण जाळीची भोकं बारीक लागतात आणि खालची कड जमिनीला घट्ट.

हे तुम्हालाही लागू आहे. लोक उंचीचं बघतात आणि खाली वीतभर फट सोडतात.

---

गाजरपारखी | २२ मे, दुपारी २:३०

बाळ्याला +१. आमचं हरीण ८ फुटांपर्यंत उडी मारू शकतं पण जमलं तर आधी खालून सरपटायलाच बघतं.

ओसरीवरची, बजेट नाही म्हणालात म्हणून, अख्ख्या अंगणाला कुंपण नकोच आहे. फक्त भाजीचा तुकडा धरा, दहा बाय बारा समजा. एवढ्या अरुंद जागेत उडी मारून उतरायला हरीण कचरतं, आत नीट उतरता येईल का आणि परत बाहेर पडता येईल का याचा त्याला अंदाज येत नाही, त्यामुळे छोट्या चौकोनाला कमी उंचीही बऱ्याचदा चालून जाते. दुसरी युक्ती, ४-५ फुटी दोन कुंपणं एकमेकांपासून ४-५ फुटांवर. उंच आणि रुंद दोन्ही एकदम उडी त्याला झेपत नाही. मधल्या पट्ट्यात तुमचा अळू लावा.

टाउनशिपचे आणि हाउसिंग असोसिएशनचे नियम आधी बघा, कुंपणाच्या उंचीवर बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते.

---

ओसरीवरची | १७ जून, रात्री १०:२०

अपडेट देते, हसू नका.

साड्या: असोसिएशनचं प्रेमळ पत्र आलं. काढल्या. (नऊ दिवस चालल्या मात्र.)

अंड्याचं पाणी: मी उत्साहात बारा अंडी मिक्सरमधून काढली, पंपात भरली, दोन मिनिटांत नोझल तुंबलं. उघडून फुंकर मारायला गेले तर सगळं अंगावर. त्या दिवशी घरी सत्यनारायण होता. परत अंघोळ केली, दोनदा केली, तरी प्रसाद देताना प्रत्येक जण दोन सेकंद थांबून माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. गुरुजी काही बोलले नाहीत पण शिरा पॅक करून द्या म्हणाले.

पण!! होस्टाला नवीन पानं आलीत आणि तीन आठवड्यांत कुणी खाल्लेली नाहीत.

---

शेवगा_शोधतेय | १७ जून, रात्री १०:४५

हाहाहा, मेले. अगं अंड्यात तो पांढरा दोरीसारखा तंतू असतो तो काढून टाकायचा, नाहीतर हमखास तुंबतं. मी चक्क्याच्या जुन्या फडक्यातून गाळून घेते. त्या फडक्याचं पुढे श्रीखंड करू नकोस एवढंच.

---

अण्णा_एडिसनकर | १८ जून, सकाळी ६:५०

एक गंभीर गोष्ट राहिली. हरणं येतात तिथे गोचीड येते. आमच्या सौ.ना तीन वर्षांपूर्वी लाइम (गोचीड चावून होणारा आजार) झाला, गुडघे सुजले, आम्ही बरेच दिवस वयाचं दुखणं समजून तेल चोळत बसलो. बागेत काम झालं की घरात आल्यावर पहिल्यांदा गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघा. कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, तीळ समजून सोडून द्याल. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, तूप-व्हॅसलीन-काडी काही लावत बसायचं नाही. दिवसाच्या आत काढली तर धोका बराच कमी. लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला की लगेच डॉक्टर. ज्या गावावरून नाव पडलं ते लाइम इथून जवळ कनेटिकटमध्येच आहे, म्हणजे आपण आजाराच्या माहेरीच राहतो.

---

निवडुंगकाटा | १८ जून, सकाळी ९:००

अण्णा, हे उपयोगाचं. आत्ता पोराचे कान तपासले.

---

ओसरीवरची | १२ जुलै, संध्याकाळी ७:१५

शेवटी कुंपण केलं. दहा बाय चौदा, साडेसात फुटी काळी प्लास्टिकची जाळी, खांब म्हणून लोखंडी टी-पोस्टना वर बांबू जोडून उंची केलीय. दोन शनिवार गेले, नवऱ्याशी तीनदा भांडण झालं (एकदा फाटक कुठल्या बाजूला उघडावं यावर). खालची कड जमिनीवर बाहेरच्या बाजूला वीतभर वळवून तंबूच्या खुंट्यांनी ठोकलीय, बाळ्या, तुमच्यामुळे. नवीन जाळी हरणांना दिसत नाही आणि ती धडकतात असं दुकानदार म्हणाला म्हणून हाताच्या उंचीवर पांढऱ्या चिंध्या बांधल्यात.

एक वाईट प्रकार झाला, तो सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. उरलेली जाळी मी गवतावर तशीच गुंडाळून टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यात साप. इथला साधा पट्ट्यापट्ट्यांचा बिनविषारी, पण मी काही त्याची जात विचारायला थांबले नाही. पाच-सहा भोकांतून आत-बाहेर विणल्यासारखा अडकलेला, जाळीचा धागा खवल्यांत रुतला होता. नवऱ्याने जाड ग्लोव्ह घालून त्याला धरला आणि मी शिवणकामाच्या कात्रीने एकेक धागा कापला, वीस मिनिटं लागली. मधे मधे तो थांबायचा आणि आम्हाला वाटायचं गेला. शेवटचा धागा तुटला तसा होस्टाखाली सरकला. उरलेली जाळी आता गॅरेजमध्ये उंच खिळ्यावर आहे.

---

गाजरपारखी | १२ जुलै, रात्री ८:००

शाब्बास दोघांना. जाळी खाली ताणून ठेवा, सैल घोळ राहिला की त्यात साप आणि चिपमंक अडकतात.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची तयारी आत्ताच. तो त्यांचा माजाचा काळ, नर शिंगं घासायला मनगटाएवढ्या खोडाची कोवळी झाडं शोधतात आणि एका रात्रीत साल सोलून काढतात. नवीन सफरचंद, अंजीर लावलं असेल तर खोडाभोवती जाळीची नळी करा, ४ फुटांपर्यंत. सीमेवर आर्बरव्हायटीची (सदाहरित झाड) हेज लावायचा विचार असेल तर 'एमराल्ड ग्रीन' जात नको, हिवाळ्यात हरणं पोचतील तिथवर खाऊन टाकतात, खाली काड्या आणि वर झाड अशी छत्री उरते. 'ग्रीन जायंट' त्यामानाने कमी खातात.

---

माळावरचा_गडी | १३ जुलै, सकाळी ६:४०

ताई, साप सोडवला हे बेस केलं. आमच्याकडं यंदा चार जणांनी मिळून झटका मशीन घेतलंय, मूग वाचला. जागल मात्र सुटली नाही, मशीनची बॅटरी कुणी नेऊ नये म्हणून माणूस झोपतोच तिथं.

---

ओसरीवरची | २९ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सासूबाईंनी काल पहिला घेवडा निवडला. दीड पाउंड. खोबरं-कोथिंबीर घालून केला आणि पहिला घास खाऊन म्हणाल्या, जून झालाय जरा. असो.

---

शेवगा_शोधतेय | २९ ऑगस्ट, सकाळी ११:३४

'असो' मध्ये सगळं आलं.

---

ओसरीवरची | १५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

कुंपणात जागा नव्हती म्हणून झेंडू बाहेर लावला होता, उग्र वासाला हरणं येत नाहीत असं सगळीकडे वाचलं होतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री तोरणापुरती फुलं राखून ठेवली, सकाळी परडी घेऊन गेले तर फुलं तेवढी टोकरलेली, पानं शाबूत. प्लास्टिकचं तोरण लावलं.

परवा संध्याकाळी आईशी कॉल चालू असताना कुंपणाच्या बाहेर एक मादी आणि यंदाचं पिल्लू आलं. पिल्लाच्या पाठीवरचे ठिपके आता गेलेत. जाळीला नाक लावून आतल्या वालाकडे बघत उभं होतं. आई म्हणाली, अगं केवढंसं आहे, एखादी शेंग टाक की त्याला.

---

गाजरपारखी | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१२

अजिबात टाकू नका!! एकदा हातातून मिळालं की पुढच्या वर्षी पोराबाळांना घेऊन येईल. कितीतरी टाउनशिपमध्ये खायला घालायला बंदी आहे.

---

ओसरीवरची | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नाही टाकली.

---

अण्णा_एडिसनकर | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२१

किती टाकल्या?

---

ओसरीवरची | १५ ऑक्टोबर, रात्री ९:२६

दोन. जून होत्या.

---

नवीनच_आलोय | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

वरचं सगळं वाचलं नाहीये पण हरणांचा धागा दिसला म्हणून विचारतो. सेलमध्ये ट्यूलिपचे १०० कांदे मिळाले, आमच्याही मागे हरणं येतात. या वीकेंडला लावू का?

---

निवडुंगकाटा | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:५३

जरूर लावा. एप्रिलमध्ये हरणांतर्फे आभाराचं पत्र येईल.

---

शेवगा_शोधतेय | १९ ऑक्टोबर, दुपारी १:१०

पावती असेल तर आजच परत करा आणि डॅफोडिल आणा.